मावशीकडचं सूप

डॉक्टर मॅनालोंचा फोन आला तेव्हा मी बाजारात पिशवीत अक्रोड भरत होतो. आमच्या बाजारात मांस मिळत नाही, कॉफी मिळत नाही, दारूचं तर नावच नको. धान्यं, डाळी आणि सुकामेवा यांची पिंपं ओळीने मांडलेली असतात आणि ज्याने त्याने आपल्या हाताने पळीने काढून घ्यायचं. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून मी पळी फिरवत राहिलो. बाई म्हणाल्या, "मिस्टर लुंडक्विस्ट, रिपोर्ट आलाय. हृदयाच्या तीन नळ्या चोंदल्यात, एक तर फारच. सोमवारी सकाळी दाखल व्हा. आधी आतून बघू, पण मला वाटतं बायपासच करावी लागेल. खाट सांगून ठेवू ना?" मी म्हणालो, विचार करून सांगतो. त्या म्हणाल्या, "विचार कसला करायचाय?" तेव्हा मला जे पहिलं सुचलं ते मी बोललो. शब्बाथ लागायला आलाय, विसाव्याच्या दिवशी असली कामं करत नाही, उद्या सूर्य मावळला की फोन करतो. बाई आमच्याच मंडळीतल्या, दर शनिवारी चर्चमध्ये माझ्यापुढे तीन बाकं सोडून बसतात. "आजारपणाला शब्बाथ नसतो हे मी तुम्हाला सांगायला हवं का?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी बजावलं की चढण चढायची नाही, जिभेखाली ठेवायच्या गोळ्या खिशातून काढायच्या नाहीत, आणि फोन ठेवता ठेवता सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुम्ही जन्मापासूनच शाकाहारी ना?" मी म्हणालो, जन्मापासून. "हं," त्या म्हणाल्या. पिशवी भरून अक्रोड जमिनीवर सांडत होते ते मला नंतर दिसलं.

ते 'हं' मी घरी घेऊन आलो. बाईंच्या मनात काही नसेलही, पण मी या लोमा लिंडात जन्मलो आणि इथल्या प्रत्येक 'हं'चा अर्थ मला लागतो. आम्ही ॲडव्हेंटिस्ट माणसं, शनिवार पाळणारा आणि मांस वर्ज्य मानणारा ख्रिस्ती पंथ. आमच्यात कुणी अकाली आजारी पडलं की फुलं जातात, भट्टीत भाजलेलं कॅसरोल जातं, प्रार्थना होतात, आणि या सगळ्याच्या खालून एक प्रश्न हळूच सरकत असतो, की यानं खाल्लं काय असेल? कुणाला लोणी आठवतं, कुणाला चीज. नोकरीपायी हा माणूस शिकागोला आठ वर्षं होता, तिथं कोण बघायला जातंय, असंही कुणीतरी पुटपुटतं. मी स्वतः पुटपुटलो आहे. घास सापडला की सगळ्यांना बरं वाटतं, कारण तो घास आपण खाल्लेला नसतो. मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. वर्गातल्या मुलांच्या उंचीची सरासरी काढायला लावायचो आणि मग विचारायचो की या उंचीचा मुलगा उभा राहू दे, आणि कुणीच उभं राहायचं नाही. मुलं हसायची. आमच्यावर संशोधन करणारे म्हणतात की ही माणसं इतरांपेक्षा काही वर्षं जास्त जगतात. तेच पुढे असंही म्हणतात, की ही माणसं सिगारेट ओढत नाहीत, पीत नाहीत, आठवड्यातून एक दिवस सगळं सोडून स्वस्थ बसतात, एकमेकांच्या दारी जेवण पोचवतात, तेव्हा यातलं नक्की काय उपयोगी पडतं ते वेगळं काढणं अवघड आहे. हे दुसरं वाक्य आमच्याकडे फारसं कुणी लक्षात ठेवत नाही. मला ते पाठ होतं, आणि तरी त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात उभा राहून मी आठवू लागलो की मी कुठे काय खाल्लं असेल. लहानपणी शेजारच्या कॅथलिक मुलाच्या वाढदिवसाला सॅंडविच खाल्लं होतं, त्यात काही होतं का? कॉलेजात असताना प्रवासात एकदा घेवड्याचं सूप घेतलं, ते कशात शिजवलं होतं कोण जाणे. चोराने स्वतःच्याच घरात चोरी शोधावी तसं मी करत होतो आणि काही सापडत नव्हतं म्हणून घाबरत होतो.

आर्डिसने, माझ्या बायकोने, मला तशा अवस्थेत पाहिलं आणि मग सांगणं भागच पडलं. ती काही इथली नाही. न्यू मेक्सिकोतल्या गुरांच्या वाड्यावर वाढलेली, चोवीस वर्षांची होऊन माझ्याशी लग्न करेपर्यंत दोन वेळ मांस खाणारी. तिच्या रक्तातली चरबी मोजली की डॉक्टर तिला शाबासकी देतात. एरवी यावरून ती मला पिडते, "माझ्या नळ्यांतून होडी चालवता येईल, बेकनची कृपा." त्या दिवशी तिनं चेष्टा केली नाही. ऐकून घेतलं, खुर्ची ओढून बसली, माझा हात उलटा करून नाडीवर बोट ठेवलं, जसं काही तिला त्यातलं कळतं.

"सोमवारी जायचं," ती म्हणाली.

"बघू."

"बघू काय? बाबांना सांगितलंस?"

"रविवारी ते फोटोवाले येणार आहेत. ते होऊन जाऊ दे."

"वर्लिन, खरं सांग. तुला मरायची भीती वाटतेय की बाबांची?"

जे खरं होतं त्याची मलाच लाज वाटली. ती उठली आणि शब्बाथच्या मेणबत्त्या शोधायला गेली. जाताना म्हणाली, "उद्या सूर्य मावळायच्या आत तू सांगायचंस. नाहीतर मी सांगेन, आणि मी कशी सांगेन ते तुला माहीत आहे."

माझे वडील ऑर्विल लुंडक्विस्ट शहाण्णव वर्षांचे आहेत. एकटे राहतात, स्वतःची ओट्सची लापशी स्वतः शिजवतात, हातात काठी असते ती टेकायला कमी आणि वाटेतला कचरा बाजूला सारायला जास्त. दोन-तीन वर्षांतून एकदा कुठल्यातरी मासिकाचे नाहीतर टीव्हीचे लोक येतात आणि त्यांना विचारतात की रहस्य काय. बाबा ओठ पुसतात आणि म्हणतात, मी कधी जनावर खाल्लं नाही. एवढंच. त्या वाक्यावर त्यांची किती छायाचित्रं निघाली. परदेशातून माणसं येऊन त्यांचा हात हातात घेतात, जणू आयुष्य चिकटून येईल. या वेळच्या फोटोवाल्यांना मीही हवा होतो. बाप पुढे, मुलगा मागे, मागे टेकड्या. आणि मला माहीत होतं की बाबांना कळलं तर ते रागावणार नाहीत, रडणार नाहीत, ते फक्त माझ्याकडे बघतील आणि विचारतील, काय खाल्लंस. त्यांनी एकदा असंच कारण शोधलं आहे.

माझी आई हिल्डा बावन्नाव्या वर्षी कर्करोगाने गेली. ती बाबांच्याच ताटातलं जेवली, त्यांच्याच बागेतली संत्री खाल्ली, आणि गेली. मी तेव्हा कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो. दफन झाल्यावर गाडीत आम्ही दोघंच होतो. बाबांनी गाडी सुरू केली नाही, समोर बघत म्हणाले, "तुझी आई बर्निसकडे कोंबडीचं सूप प्यायची. त्या हिवाळ्यात. तिनंच मला सांगितलं." बर्निस ही माझी मावशी, नेब्रास्कात राहायची, चर्च सोडून डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्याशी लग्न केलेली. एका हिवाळ्यात तिचं हाड मोडलं म्हणून आई तिच्याकडे राहायला गेली होती, बर्फ वितळल्यावर परत आली. त्या गाडीत मला जे वाटलं ते मी विसरलो नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. कारण मिळालं होतं. पुढे कितीतरी वर्षं नाताळात मावशीचं कार्ड यायचं, त्यावर खेड्यातल्या घराचं चित्र, आणि ते पाहिलं की मला त्या घरातलं भांडं दिसायचं, त्यात उकळणारं पिवळट पाणी, आणि आई चमचा तोंडाशी नेतेय. मी एकाही कार्डाला उत्तर दिलं नाही. आईचा मला राग यायचा. एवढीशी गोष्ट तिला टाळता आली नाही, एका वाटीसाठी तिने मला टाकलं. असं मी बेचाळीस वर्षं मानत आलो, आणि आता तीन नळ्या छातीत घेऊन मी त्याच बापासमोर जाऊन बसणार होतो, आणि माझ्याकडे सूपसुद्धा नव्हतं.

शनिवारी चर्चहून आम्ही तिघं घरी आलो. आर्डिसने कॉर्नफ्लेक्स, पनीर आणि त्या अक्रोडांची वडी भाजली होती, शब्बाथला असते तशी. बाबांनी दोनदा घेतली. वाळवंटाकडून वारा सुटला होता, खिडक्या आतल्या आत थडथडत होत्या, आणि अशा वाऱ्यात माझं तोंड नेहमीच कोरडं पडतं. बाबांनी माझ्या ताटाकडे पाहिलं.

"काय रे वर्ल, घास उतरत नाही का?"

"उतरतोय की."

"पोरी, नवऱ्याला उपाशी मारतेस काय? उद्या त्याचा फोटो काढायचाय. बापापेक्षा म्हातारा दिसायचा."

"तोच सांगेल तुम्हाला, बाबा," आर्डिस म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी पाण्याचा जग उचलून पुन्हा खाली ठेवला. ती ताटं उचलून आत गेली, नळ जोरात सोडला, म्हणजे आता बोल. मी तोंड उघडलं. बाबा त्याच वेळी काठी टेकून उठले. "उद्या त्या लोकांना टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीच्या वाटेवरचा फोटो हवाय. सवय गेलीये तुझी. चल, पाय मोकळे करून येऊ." मी नाही म्हणायला हवं होतं. चढू नका, असं मला स्वच्छ सांगितलं होतं. पण नाही म्हटलं की का ते सांगावं लागणार, आणि चढलो तर कदाचित काहीच होणार नाही. सहासष्ट वर्षांचा माणूस अशा हिशेबाने वागतो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला मूर्ख म्हटलं असतं. आतून नळाचा आवाज येत होता. आम्ही दार लावून घेतलं.

टाकीच्या वाटेला सुरुवातीला फारसा चढ नाही. एके काळी दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा होत्या, आता घरं आहेत, आणि मध्ये कुणाच्या तरी कुंपणाआड पाच-सहा झाडं उरली आहेत, ज्यांची फळं कुणी तोडत नाही. बाबा पुढे. त्यांची पाठ मला लहानपणापासून दिसते आहे. याच वाटेवर, याच अंतरावर, आणि मी नेहमी मागे. वारा समोरून येत होता. मी पावलं छोटी केली, श्वास नाकाने घेतला, बाबांच्या टाचांकडे बघत राहिलो. त्यांच्या बुटांच्या टाचा एका बाजूने झिजल्या होत्या. कुंपणाशी आल्यावर छातीच्या मधोमध कुणीतरी मूठ ठेवली. आधी नुसती ठेवली. मी मनात म्हणालो, वडी जास्त झाली. मग ती मूठ आवळली आणि डाव्या हातात उतरली, जबड्यात चढली, आणि मला एकदम इतका घाम आला की वारा गार लागू लागला. बाबा चालत होते. त्यांना हाक मारावी असं वाटलं आणि मारायची लाज वाटली. दोन्ही एकाच वेळी, आणि दुसरं जास्त. आपण आता इथे मरू आणि उद्या लोक विचारतील यानं खाल्लं काय, हा विचार मला त्या क्षणी खरोखर आला. मग मी कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर बसलो, खिशातून गोळी काढली, दोनदा हातातून निसटली, तिसऱ्यांदा जिभेखाली गेली.

काठीचा आवाज थांबला. बाबा वळले, मला पाहिलं, आणि उताराला जपून पाय टाकत परत आले. माझ्यासमोर उभे राहिले. माझ्या हातातली बाटली त्यांनी घेतली, डोळ्यांपासून लांब धरून वाचली, परत दिली.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"काल कळलं. तीन नळ्या. सोमवारी ऑपरेशन म्हणतायत."

ते माझ्याशेजारी भिंतीवर बसले. बसताना त्यांचे गुडघे वाजले. समोरच्या घराच्या छपराकडे बघत, अगदी हळू आवाजात त्यांनी ते विचारलंच.

"काय खाल्लंस, वर्ल?"

मूठ हळूहळू सैल होत होती. मला वाटलं होतं की हा प्रश्न आला की मी चिडेन. तसं झालं नाही. मी त्यांचे हात पाहिले, काठीवर एकावर एक ठेवलेले. शहाण्णव वर्षांच्या माणसाकडून मी त्याचं एकुलतं एक वाक्य काढून घ्यायचं, आणि देणार काय? काहीच नाही, काही कारण नाही? त्यापेक्षा मी अपराधी झालेलं बरं. मी म्हणालो, "मासा."

"मासा."

"शाळेच्या मुलांना घेऊन मॉन्टेरेला जायचो ना, समुद्रावर. तिथे. दर वर्षी खायचो. बरीच वर्षं."

"कुठला मासा?"

"सामन."

"कसा लागतो?"

मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा मला माशाची चव आठवून बघायची होती आणि आठवायला काहीच नव्हतं. समुद्र आठवला. "खारट," मी म्हणालो. "समुद्रातला असतो ना, म्हणून."

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला माहीत असलेली नव्हती. मग ते पुन्हा छपराकडे बघू लागले.

"तुझी आईपण अशीच थांबली होती," ते म्हणाले. "मी तिला विचारलं, सूप कसं लागतं. जरा थांबली, आणि म्हणाली, गोड."

मला कळेना. मी म्हणालो, "म्हणजे?"

"बर्निसचा नवरा गेला तेव्हा मी नेब्रास्काला गेलो होतो, आठवतं? तिच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. मी तिला बोललो, तुझ्या गोड सुपानं माझी बायको नेली. ती आधी हसली. कोंबडीचं सूप गोड कुठं असतं, ऑर्विल? मग माझं तोंड बघून हसायची थांबली. म्हणाली, हिल्डाने माझ्या घरातल्या सुपाला चमचासुद्धा लावला नाही. येताना पेटीत कपडे कमी आणि सोयाबीनचे डबे जास्त होते, माझा नवरा सबंध हिवाळा तिची चेष्टा करायचा."

कुंपणापलीकडे एक संत्रं गळून पडलं. मी विचारलं, "मग आईने तसं का सांगितलं?"

"कारण मी विचारत होतो. इस्पितळात, रोज. काय खाल्लंस, हिल्डा, आठव, कुठेतरी खाल्लं असशील. मरणाऱ्या बाईला मी रोज विचारायचो. शेवटी तिनं सांगितलं आणि मी विचारायचं थांबवलं. त्या रात्री तिला झोप लागली."

"तुम्हाला इतकी वर्षं माहीत होतं."

"वीसेक वर्षं."

"मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला होता. मला आईची आठवण येत होती, आणि तिच्यावरच्या त्या सगळ्या रागाचं काय करायचं ते कळत नव्हतं. नाताळची कार्डं डोळ्यांसमोर आली, एकावर एक.

"मला ते सूप हवं होतं, वर्ल," बाबा म्हणाले. "ते नसतं तर मी त्या लोकांना काय सांगितलं असतं? आणि मला स्वतःला? मी काही केलं नाही रे. मी जेवलो, चाललो, झोपलो. ती पण तेच करायची. मी फक्त मेलो नाही." त्यांनी ओठ पुसले, फोटोवाल्यांसमोर पुसतात तसे, आणि मग हात खाली घेतला. "आता तू मासा घेऊन आलास. मला नको तो. खरं सांग."

"मी कधीच काही खाल्लं नाही, बाबा."

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "फोन काढ."

सूर्य अजून डोंगरावर होता, चांगला हातभर. माझ्या जन्मात बाबांनी शब्बाथला रेडिओसुद्धा लावलेला मी पाहिला नाही. मी पश्चिमेकडे बघितलं तसं ते म्हणाले, "असू दे त्याला तिथं. लाव." मी डॉक्टर मॅनालोंना फोन लावला. टाकीच्या वाटेवर बसलोय, घाम आला, हात दुखला, गोळी घेतली असं सांगितलं. त्यांनी माझं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. सोमवार विसरा, आत्ता या, त्या म्हणाल्या, ॲम्ब्युलन्स पाठवते. मी हो म्हणालो. येतो म्हणालो. मग आर्डिसला फोन केला. फोनमधून गाडीच्या किल्ल्या उचलल्याचा आवाज आला.

आम्ही भिंतीवर बसून होतो. बाबांनी कोट काढून माझ्या खांद्यांवर टाकला, आणि त्यांच्या शर्टाच्या बाह्या वाऱ्याने फडफडू लागल्या. मला भीती वाटत होती, साधी, मरणाची, आणि तिच्यात लाज नव्हती. खालच्या वळणावर भोंगा ऐकू येऊ लागला. बाबा काठीने पायाजवळचं एक वाळलेलं पान बाजूला सारत होते. ते मध्येच थांबले.

"ती सूप प्यायली असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "त्या वर्षी तिकडे फार थंडी होती."